सहा सप्टेंबरच्या आत : थकलेल्या किरायाचं एक प्रकरण

इंदुरातल्या एका मराठी वस्तीत आमचा लहानसा मदत गट आहे. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि घराचे तपशील बदलले आहेत. रकमा आणि तारखा मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच फिरतं. भाडेकरू बाईंना इथे ताई म्हटलंय आणि घरमालकीणबाईंना आजी.

पार्श्वभूमी

ताई रामबाग-नारायणबागेच्या बाजूला एका जुन्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांमध्ये राहायच्या. नवरा लोडिंग रिक्षा चालवायचा. मोठी मुलगी बारावीला, धाकटा सातवीत. ताई पाच घरी पोळ्या आणि भाजी करायच्या आणि पाचही घरं पायी पंधरा मिनिटांच्या आत होती. किराया साडेचार हजार, वीज सबमीटरप्रमाणे वेगळी, अनामत दोन महिन्यांची म्हणजे नऊ हजार. लेखी करार नव्हता. कागद म्हणाल तर किरायेदार म्हणून पोलीस ठाण्यात दिलेला माहितीचा फॉर्म तेवढा होता. त्यावर आजींची सही होती आणि पुढे तो बराच कामाला आला.

आजी वाड्याच्या पुढच्या भागात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. तीन भाडेकरूंचा किराया हेच त्यांचं उत्पन्न. व्यवहार पुतण्या बघतो. घरमालक म्हटलं की बंगला आणि गाडी डोळ्यांसमोर येते. इथे तसं काही नव्हतं, आणि हे आधी समजून घेतलं नसतं तर पुढचं काहीच नीट झालं नसतं.

मार्चच्या सुरुवातीला रिक्षा उलटून नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं. एमवाय या मोठ्या सरकारी दवाखान्यात आयुष्मान कार्डावर ऑपरेशन झालं, रॉड बसला, दवाखान्यात खिशातून फारसं गेलं नाही. पण आयुष्मानचं पाच लाखांचं कवच दवाखान्यातल्या उपचारांसाठी असतं. घरी बसलेल्या माणसाची मजुरी त्यातून मिळत नाही. असंघटित मजुरांसाठीच्या राज्याच्या संबल योजनेत मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी रक्कम आहे, सहा महिन्यांनी बरा होणारा पाय त्यात बसत नाही. दवाखान्याच्या फेऱ्यांत ताईंची दोन घरं सुटली. उरलेल्या तीन घरांचे साडेसात हजार आणि बायकांसाठीच्या राज्याच्या लाडली बहना योजनेचे साडेबाराशे असे पावणेनऊ हजार महिन्याला येत होते. रेशनचं धान्य होतं म्हणून चूल पेटत राहिली. मागे पडला तो किराया.

अडचण

८ जुलैला रजिस्टर्ड पोस्टाने वकिलाची नोटीस आली. मार्च ते जून असे चार महिन्यांचे अठरा हजार, विजेचे तेवीसशे, नोटिसीचा खर्च पाच हजार, आणि पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या करा. ताईंनी ती देवाच्या फोटोमागे ठेवून दिली. घरात कुणालाच सांगितलं नाही.

जुलैच्या शेवटी पाण्याचा प्रकार झाला. इंदुरात बहुतेक भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. वाड्यात ते हौदात पडतं आणि मोटारीने वरच्या टाक्यांमध्ये चढतं. मागच्या खोल्यांच्या टाकीला जो व्हॉल्व्ह आहे, त्याची चाकीच पुतण्याने काढून नेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पाईप जागेवर, व्हॉल्व्ह जागेवर, फक्त फिरवायला काही नाही. ताईंच्या मुलीने पान्याने दांडी फिरवून बघितली, तर दांडीची कड झिजून गुळगुळीत झाली आणि मग पानाही धरेना. तीन आठवडे मायलेकी शेजारच्या वाड्यातून बादल्या आणत होत्या.

आमच्यापर्यंत हे ताईंनी आणलं नाही. त्या ज्यांच्याकडे पोळ्या करतात त्यांपैकी एका काकूंनी राखीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २० ऑगस्टला सांगितलं. ताई स्वतः न येण्याचं कारण नंतर कळलं. आमच्या पाच जणांच्या समितीत एक गृहस्थ आजींच्या नात्यातले आहेत. छोट्या वस्तीत असंच असतं. हळदीकुंकवाला सगळ्या एकाच ओट्यावर बसतात आणि कुणाचा किराया थकलाय हे वाटीभर हरभऱ्यांबरोबर घरोघर पोचतं. त्या गृहस्थांनी स्वतःहून सांगितलं की या प्रकरणात मी नाही. मग तिघांनीच ते हाती घेतलं आणि बाकीच्यांना फक्त रक्कम सांगितली, नाव नाही.

नोटीस नीट वाचल्यावर

आम्ही पहिल्या भेटीत विचारत होतो की एकूण किती द्यायचे आहेत. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंचा पहिला प्रश्न वेगळा होता. "पैसे किती ते नंतर बघू. नोटीस हातात कोणत्या तारखेला पडली?" (विधिक सेवेसाठी उत्पन्नाचा दाखला लागेल असं आम्हाला वाटत होतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे आमच्यातल्या दोघांना तिथेच कळलं. १५१०० हा फोन नंबरही त्यासाठीच आहे.)

तारखेचं महत्त्व असं. मध्य प्रदेशात घरभाड्याला १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम १२ मध्ये भाडेकरूला काढण्याची कारणं दिलेली आहेत, आणि त्यांतलं पहिलंच थकबाकीचं. पण नुसती थकबाकी पुरत नाही. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत ती भरली नाही, तरच ते कारण उभं राहतं. म्हणजे 'पंधरा दिवसांत खाली करा' या ओळीला घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी कुणाला बाहेर काढू शकत नाही. घाबरायचं होतं ते ८ सप्टेंबरला. कॅलेंडर काढलं तर ८ ला रविवार आणि ७ ला गणेश चतुर्थी. हिशेबाला खरा शेवटचा दिवस शुक्रवार, ६ सप्टेंबर. हातात सतरा दिवस.

मुदत चुकली असती तर ताई लगेच रस्त्यावर आल्या असत्या असं नाही. दावा दाखल झाल्यावर समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात सगळी थकबाकी भरली आणि पुढे दर महिन्याचा किराया १५ तारखेच्या आत भरत राहिलं, तर कोर्ट थकबाकीच्या कारणावरून घर काढून घेत नाही. पण हे संरक्षण एकदा वापरलं आणि नंतर पुन्हा सलग तीन महिने थकले, तर ते दुसऱ्यांदा मिळत नाही. शिवाय दावा चालेल तितकी वर्षं १५ तारीख सांभाळायची. एक हप्ता चुकला तर बचावच रद्द होण्याची टांगती तलवार. पावणेनऊ हजारांत चालणाऱ्या घराने ही जोखीम घेऊ नये, असं वकीलबाईंचं स्पष्ट मत पडलं. मला ते तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळालेले पंधरा हजार हे दिवाळीनंतर जमलेल्या तीस हजारांपेक्षा ताईंना जास्त उपयोगी होते.

कोणते पर्याय होते

घर सोडणं हा पहिला पर्याय, आणि आमच्यातल्या एकाचा त्यावर जोर होता. बाणगंगेकडे किंवा राऊच्या बाजूला तीन हजारांत खोली मिळाली असती. पण नवी अनामत, सामान हलवण्याचा टेम्पो, आणि मुख्य म्हणजे तीन घरांची कामं. सकाळी साडेसहाला पहिल्या घरी पोचणाऱ्या बाईला राऊहून ते जमणार नव्हतं. पंधराशे वाचवायला साडेसात हजार घालवायचे, शिवाय मुलीची बारावी. हा पर्याय कागदावर मांडल्याबरोबर पडला.

सरकारी मदतीचा शोध लवकर संपला. थकलेल्या किरायासाठी तातडीने पैसे देणारी योजना आपल्याकडे नाही. घर विकत घ्यायला अनुदान आहे, भाड्याच्या घरात टिकून राहायला नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने घरमालकांनी मजुरांकडून महिनाभर किराया मागू नये असा आदेश काढला होता, पण त्यात पैसे कुणालाच मिळणार नव्हते, ना भाडेकरूला ना आजींसारख्या मालकाला. अमेरिकेने करोनात याच कामासाठी दोन टप्प्यांत सेहेचाळीस अब्ज डॉलरहून जास्त मंजूर केले. तिथे पैसा होता, पण अर्ज आणि कागदपत्रांच्या रांगेत तो भाडेकरूपर्यंत पोचायला कित्येक महिने लागले. आमचं उलटं होतं. पैसा जेमतेम, पण निर्णय एका संध्याकाळी होऊ शकत होता.

अनामतीतून वळते करून घ्या, असंही आजींना सुचवून पाहिलं. त्या नाही म्हणाल्या. "उद्या खोल्यांची मोडतोड झाली तर मी कुणाकडे बघू?" हे म्हणणं चुकीचं नव्हतं.

उरला तो थकबाकी भरण्याचा पर्याय, आणि तिथे खरा प्रश्न आकड्याचा होता. ताई म्हणत होत्या, मार्च दिलाय. पावती नाही. आजींची लाल कापडी पुठ्ठ्याची वही बघितली तर मार्चसमोर दोन हजार लिहिलेले. उरलेले अडीच हजार? मुलीने फोनपे उघडून मागे मागे नेलं, तर २२ मार्चला पुतण्याच्या नंबरवर २,५०० गेलेले सापडले. पुतण्याने ते आजींच्या वहीत उतरवलेच नव्हते. मुद्दाम की विसरून, हे विचारण्यात आम्ही वेळ घालवला नाही. थकबाकी अठरा नव्हे, साडेतेरा हजार निघाली.

आता साडेतेराच भरायचे की अठरा? कमी भरले आणि पुढे कोर्टात मार्चचा वाद ताईंच्या विरुद्ध गेला, तर दोन महिन्यांच्या आत पूर्ण भरले नाहीत असा अर्थ निघतो. साडेचार हजारांच्या वादासाठी घर पणाला लावण्यात शहाणपण नाही. म्हणून ठरवलं की आजींनी वहीत आणि पावतीवर मार्च चुकता झाल्याचं लिहून दिलं तरच साडेतेरा. नाही तर अठरा भरायचे, मार्च मान्य नाही असं पत्रात नोंदवायचं आणि भांडण नंतर करायचं. नोटिसीच्या खर्चाचे पाच हजार किरायाच्या थकबाकीत येत नाहीत, ते सोडून दिले.

काय केलं

आजींकडे आम्ही दोघं गेलो, ताईंना घेऊन नाही. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली, मग विषय निघाला. आजी म्हणाल्या, "मला तिला काढायचं नाहीये हो. मला माझ्या गोळ्यांचे पैसे हवेत." वहीतली नोंद आणि फोनवरची नोंद शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि काही न बोलता मार्चसमोर स्वतः अडीच हजार लिहिले. पुतण्या तेव्हा घरी नव्हता. ती वेळ आम्ही बघूनच धरली होती.

पाण्याचं मात्र गोड बोलून सुटलं नाही. आवश्यक सोय तोडणं याच कायद्यात मना आहे, आणि किराया थकला म्हणून पाणी बंद करण्याचा हक्क मालकाला मिळत नाही. वकीलबाईंनी नोटिसीच्या उत्तरात तो परिच्छेद वेगळा घातला आणि पुतण्याला फोनही केला. दोन दिवसांनी व्हॉल्व्हवर नवी चाकी बसली.

पैशांची जुळवाजुळव अशी झाली. लागणार होते साडेतेरा हजार किराया आणि तेवीसशे वीज, म्हणजे १५,८००. आमच्या निधीतून एका घराला जास्तीत जास्त दहा हजार देता येतात, ते पूर्ण दिले. पोळ्यांच्या तीन घरांनी दिवाळीचा बोनस आधीच दिला, प्रत्येकी हजार. ताईंच्या भावाचे दोन हजार. आठशे ताईंच्या डब्यातले.

निधीचे दहा हजार उसने द्यायचे की मदत म्हणून, यावर आमच्यात बराच वाद झाला. परत येणारा पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, हे खरंच आहे. पण जुलै आणि ऑगस्टचे नऊ हजार अजून उभेच होते. आजी ते हप्त्यांनी घ्यायला तयार झाल्या. आधी त्या महिना दीड हजार म्हणत होत्या. ताईंचा महिन्याचा खर्च लिहून दाखवल्यावर एक हजारावर आल्या, ऑक्टोबरपासून नऊ महिने. म्हणजे चालू किरायासकट दरमहा साडेपाच हजार, आणि पावणेनऊमधून हातात उरणार सव्वातीन. त्यात आमचाही हप्ता घुसवला असता तर जानेवारीत ताई पुन्हा आमच्याच दारात आल्या असत्या. शेवटी मदत म्हणूनच दिले.

पैसे कुणाच्या हातात द्यायचे हाही निर्णयच होता. पुतण्याला तर अजिबात नाही. सरळ आमच्या खात्यातून आजींच्या खात्यात पाठवणं सोपं होतं, पण किराया भाडेकरूने भरला हे बँकेच्या कागदावर निर्विवाद दिसावं म्हणून सगळी रक्कम आधी ताईंच्या खात्यात जमा केली आणि तिथून आजींच्या खात्यात एनईएफटी केली. ५ सप्टेंबर, गुरुवार. पावतीवर महिने, रक्कम, मार्च चुकता असल्याची ओळ आणि आजींची सही. पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो आणि तो ऐन गणपतीच्या गर्दीत कुठे मिळेना, शेवटी पोस्टातून आणला. हप्त्यांचा कागद वेगळा केला, दोन प्रतींत. नोटिसीचं उत्तर पावतीची प्रत जोडून दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने गेलं.

निष्पत्ती

दावा झाला नाही. सप्टेंबरच्या शेवटी ताईंना अडीच हजारांचं आणखी एक घर मिळालं. नवरा डिसेंबरपासून एका दुकानात बसून करायच्या कामाला लागला. ऑक्टोबरपासूनचे हप्ते गेले, जानेवारीचा दहा-बारा दिवस उशिरा, पण गेला. दर वेळी फोनवरून, आजींच्या खात्यात, आणि वहीत नोंद.

फेब्रुवारीत आजींनी स्वतःच सांगितलं की पुतण्याचं लग्न ठरलंय आणि मागच्या खोल्या लागतील. वकीलबाईंनी याची कल्पना सप्टेंबरमध्येच दिली होती. विधवा घरमालकिणीला खरी गरज असेल, तर याच कायद्यात तिच्यासाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी आणि झटपट वाट आहे. तिथे भाडेकरूला आपली बाजू मांडायलाही आधी परवानगी मागावी लागते. पुतण्याचं लग्न ही आजींची गरज ठरते का, यावर भांडता आलं असतं. ताईंना भांडायचं नव्हतं. त्यांनी मुलीची परीक्षा होऊ द्या एवढंच मागितलं आणि आजींनी मे अखेरपर्यंत दिलं.

मेमध्ये ताई तिथून दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत गेल्या. किराया चार हजार, कामाची चारही घरं हातची. आठ हप्ते गेले होते, नवव्याचे हजार वळते करून आजींनी अनामतीचे आठ हजार परत दिले. नव्या घराची अनामत त्यातूनच भरली. आमच्या समितीतल्या एकाचं म्हणणं, शेवटी घर सुटलंच, मग मिळवलं काय? मला तसं वाटत नाही. सप्टेंबरमध्ये त्या निघाल्या असत्या तर अनामत थकबाकीत गेली असती आणि कामंही सुटली असती. मेमध्ये त्या स्वतःच्या सोयीने, खोली बघून, पैसे हातात घेऊन निघाल्या.

वेगळं काय करता येईल

आमच्या अर्जात उत्पन्न, कुटुंब, आजार, थकबाकी असे रकाने होते. नोटीस मिळाल्याची तारीख हा रकाना नव्हता. आता तो सगळ्यात वर आहे, आणि नोटिशीसोबत पोस्टाचा लिफाफाही मागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आम्हाला कळलं ते नोटिशीनंतर सहा आठवड्यांनी, आणि किराया थकू लागल्यावर जवळजवळ पाच महिन्यांनी. ज्यांच्याकडे ताई पोळ्या करत होत्या त्यांना अपघात मार्चपासून माहीत होता. एप्रिलच्या शेवटी एका महिन्याचे साडेचार हजार मिळाले असते, तर नोटीसच आली नसती. म्हणून आता आम्ही काम देणाऱ्या घरांमध्ये सांगून ठेवलंय की बाईंच्या घरी आजारपण किंवा अपघात झाला तर दुसऱ्या महिन्याची वाट बघू नका.

पुतण्याला टाळून आजींशी बोलण्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. त्या दिवशी काम झालं. पण त्यानंतर ताई वाड्यात होत्या तोवर तो त्यांच्याशी बोलला नाही, आणि मुलीला येताजाता त्याच्यासमोरूनच जावं लागायचं. वकीलबाईंसमोर दोघांना एकत्र बसवून मार्चचे अडीच हजार काढले असते तर कदाचित कडूपणा कमी राहिला असता, कदाचित वाढलाही असता.

आणि दहा हजारांची मर्यादा. ताईंना भाऊ होता, बोनस देणारी घरं होती, म्हणून वरचे ५,८०० जमले. ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी दहा हजार मुदतीत पुरे पडणार नाहीत, आणि कायद्याच्या लेखी अर्धी भरलेली थकबाकी ही न भरलेलीच. मर्यादा पंधरा केली तर वर्षाला चार ऐवजी दोन-तीनच घरांना मदत होईल. हा विषय गेल्या तीन बैठकांत निघाला आणि तिन्ही वेळा पुढच्या बैठकीवर गेला.